भोग आणि जाब

त्र्यंबकेश्वरात कुशावर्ताच्या आसपासच्या गल्ल्यांत माणसं पत्रिका घेऊन येतात. लग्न जमत नाही, धंदा बसला, मूल होत नाही. याच यादीत, तितक्याच सहज सुरात, एक वाक्य येतं: "जावई पोरीवर हात उचलतो." मग कालसर्प निघतो, नाहीतर पितृदोष. त्रिपिंडी करा, किंवा तीन दिवसांचा नारायण नागबळी. मुलीचे वडील मुहूर्त विचारतात, दक्षिणेचं बोलतात. दोष सापडतो तो मुलीच्या ग्रहांत किंवा कुणाच्या तरी अतृप्त पितरांत. ज्याने हात उचलला, तो सोवळं नेसून शेजारी बसलेला असतो. यजमान म्हणून!

विधींशी माझं भांडण नाही. गेलेल्या माणसासाठी पिंड ठेवताना कुणाचे डोळे भरून येत असतील, तर त्यात नाक खुपसायचा मला अधिकार नाही. मला खटकतं ते एवढंच, की या सगळ्या कथेत मार आहे, मार खाणारी आहे, खर्च आहे. मारणारा तेवढा गायब आहे. आणि मारणाराच नसेल, तर जाब विचारायचा कुणाला?

'तक्रार करू नकोस' असं धर्म उघडपणे क्वचितच सांगतो. त्याऐवजी तो बाईला काम देतो. सोळा सोमवार कर, पोथी लाव, वडाला सूत गुंडाळून हाच नवरा सात जन्म मिळो म्हण. महिनोन् महिने ती काहीतरी करत राहते, आणि तिच्या करण्यात त्याला काहीच करावं लागत नाही. गुरुचरित्राच्या एकतिसाव्या अध्यायात पतिव्रतेचे आचार तपशिलाने सांगितले आहेत. गंमत अशी, की ही पोथी बायकांनी वाचू नये असं कैक घरांत अजून बजावतात. म्हणजे नियम तिच्यासाठी, वाचन दुसऱ्याने करायचं.

ज्यांना हे सगळं अडाणीपणाचं वाटतं त्यांनी संत बहिणाबाईंचं आत्मनिवेदन वाचावं. वेरूळजवळच्या देवगावात १६२८चा जन्म. अगदी पोरवयात, वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न. कोल्हापुरात जयराम स्वामींच्या कीर्तनाला ही मुलगी जाऊ लागली, लोक तिला मानू लागले, ते नवऱ्याला सोसवेना. त्याने तिला मारलं, बांधून घातलं. पुढे तिने तुकोबांना, म्हणजे ब्राह्मण घरातल्या बाईने एका कुणब्याला, गुरू मानलं. एवढी धीट बाई. पण त्या माराचा हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा तीही पतिसेवा हाच आपला धर्म या निष्कर्षाला येते. मला तिच्या भक्तीइतकाच तिचा प्रामाणिकपणा थोर वाटतो. मार तिने लपवला नाही, लिहून ठेवला. पण तो लिहिला भोग म्हणून. आरोप म्हणून मांडायला भाषाच तिच्या हाती दिली गेली नव्हती. जनाबाई विठ्ठलाशी कडकडून भांडते आणि आपण ते कौतुकाने गातो. देवाशी भांडायची मुभा आहे, घरधन्याशी नाही.

हे सतराव्या शतकाचं म्हणून सोडून देता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. या गप्प राहण्यामागे पैसा आहे, मुलं आहेत, माहेरचं बंद दार आहे. सगळं खापर धर्मावर फोडणं खोटं होईल. धर्म त्या गप्प राहण्याला पुण्याचं नाव देतो, एवढाच त्याचा वाटा. पण तो लहान नाही.

नाशिकच्या पंचवटीत सीता गुंफेत उतरताना अंग चोरून, बसत बसत आत सरकावं लागतं. आत दर्शन होतं आणि भाविक बाहेर येतात. याच पंचवटीतून सीतेला पळवलं, असं आपण मानतो. अपहरण केलं रावणाने, परीक्षा मात्र सीतेची. २०२१ साली परांडा भागात एका बाईला उकळत्या तेलातून नाणं काढायला लावल्याचा व्हिडिओ फिरला. तिला पळवून नेलं होतं, असं तिचं म्हणणं. नवऱ्याला पावित्र्याची खात्री हवी होती. पळवणाऱ्यांचा हात तेलात घालावा, असं कुणाला सुचलं नाही.

गुंफेपासून काळाराम मंदिर अगदी जवळ आहे. २ मार्च १९३० रोजी तिथे दलितांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलेलं: मागच्या जन्मीचं पाप, भोगून संपव. त्यांनी ते चारही दरवाजांवर बसून नाकारलं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी तो धर्मच सोडण्याची घोषणा केली. अन्यायाला प्रारब्ध न म्हणता कुणाची तरी करणी म्हणायचं, हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. घराच्या आणि आश्रमाच्या उंबऱ्याच्या आत मात्र ते पोचलं नाही.

आश्रमात तर गुरुनिंदेचं पाप आणखी वर बसतं. जानेवारी २०१३मध्ये, दिल्लीतल्या बलात्काराने देश हादरलेला असताना, आसाराम म्हणाले होते की त्या मुलीने हल्लेखोरांना भाऊ म्हणायला हवं होतं, टाळी एका हाताने वाजत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलातल्या एका अल्पवयीन मुलीला भूतबाधा झाल्याचं आईवडिलांना सांगण्यात आलं, आणि उपाय म्हणून तिला जोधपूरजवळच्या आश्रमात नेण्यात आलं. पुन्हा तेच: दोष मुलीत, उपाय गुरूकडे. पत्रिकेच्या जागी भूत, एवढाच फरक.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही २०१३चाच, दाभोलकरांच्या खुनानंतरचा. अंगात विशेष शक्ती असल्याचं किंवा मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून लैंगिक संबंध ठेवणं, हे त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे. कलम कोरडं आहे, पण ते वाचताना कळतं की हे वाक्य कुणीतरी, कुठल्यातरी बंद खोलीत, खरोखर ऐकलेलं असणार. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या २०१२च्या कायद्यात तर धार्मिक संस्थेतल्या माणसाने त्याच संस्थेतल्या मुलावर केलेला अत्याचार हा जास्त गंभीर गुन्हा आहे, आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. 'देव बघून घेईल' म्हणून गप्प बसणारा काका तिथे कायद्याच्या बाहेर राहत नाही.

जोधपूरच्या खटल्यातले आईवडील भक्त होते. भूतबाधेचं त्यांना पटलंही होतं. मुलीने खरं काय ते सांगितल्यावर मात्र त्यांनी गुरूला नव्हे, मुलीला खरं मानलं आणि काही दिवसांतच दिल्लीच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली. २५ एप्रिल २०१८ रोजी त्या मुलीवरच्या बलात्काराबद्दल आसारामांना जन्मठेप झाली. तोवर आसारामांविरुद्धच्या खटल्यांतल्या तीन साक्षीदारांचे खून झाले होते.