दिलं की टाकलं?

महाभारतातल्या महाप्रस्थानिक पर्वातली गोष्ट आपण बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडले, धर्मराजाबरोबर उरला तो एक कुत्रा. इंद्र म्हणाला, कुत्र्याला सोड आणि रथात बस. धर्मराज नाही म्हणाला. तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म, हे नंतर उघड होतं. पण नकार देताना धर्मराजाच्या लेखी तो साधा कुत्राच होता, हे मला अधिक मोलाचं वाटतं.

आमच्या दहा वर्षांच्या मुलीने हीच गोष्ट माझ्यावर उलटवली. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी टिप्या चार महिने राहत होता. तो जॉर्जियात रस्त्यावर सापडलेला. दक्षिणेकडच्या राज्यांतली शेल्टर्स भरून वाहतात, म्हणून स्वयंसेवक अशा कुत्र्यांना व्हॅनमधून इकडे आणतात आणि कायमचं घर मिळेपर्यंत आमच्यासारख्या ‘फॉस्टर’ कुटुंबांकडे ठेवतात. टिप्यासाठी अर्ज येऊ लागले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, म्हणजे आपण त्याला टाकतोच आहोत ना?"

प्रश्न सोपा नाही. भारतात हा असा पडत नाही, कारण तिथे गल्लीलाच घर मानलेलं असतं. नसबंदी करून, रेबीजची लस देऊन कुत्र्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं, हा २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांचाही गाभा. इथे गल्ली कुणाला सांभाळत नाही. कुत्रा कुणाचा तरी असावा लागतो. नाहीतर शेल्टर, आणि तिथे जागा संपली की अनेकदा इंजेक्शन.

टिप्याला आम्ही ठेवून घेतलं असतं तर आमचं मन शांत झालं असतं, पण व्हॅनमधून येणाऱ्या पुढच्या कुत्र्याची जागा गेली असती. म्हणून माझं मत असं, की देणं आणि टाकणं यांतला फरक आपण त्याच्यापासून दूर होण्यात नाही. त्याची काळजी घेणारं कुणी आहे ना हे बघितलं का, आणि आपलं दार उघडं ठेवलं का, यात आहे. हिमालयाच्या त्या वाटेवर धर्मराजाला कुत्रा सोपवायला दुसरं माणूसच नव्हतं!

मग सुरू झालं स्थळं बघणं. कांदेपोहे तेवढे राहिले. एका जोडप्याचं घर मोठं, मागे कुंपण घातलेलं अंगण, फोटोही सुंदर. पण दोघंही सकाळी सातला बाहेर पडणार ते संध्याकाळी सहाला परतणार. दुसरे सत्तरीतले एक मराठी काका. काकू गेल्यापासून एकटे, एका बेडरूमचं अपार्टमेंट, अंगण नाही. संस्थेच्या फॉर्ममधल्या रकान्यांत पहिलं घर सहज जिंकत होतं. वयाचा मुद्दा तर काकांनी स्वतःच काढला: "माझ्यानंतर याचं काय?"

मला वाटतं, हा प्रश्न ज्याला आधी सुचतो त्याच्याकडे कुत्रा द्यावा. प्रेम करू असं सगळेच अर्जात लिहितात. डिसेंबरात पाच आठवडे भारतात गेल्यावर त्याला कोण बघणार, हे फार थोडे लिहितात. त्यात आपली मंडळी कमीच. काकांनी तीनदा येऊन टिप्याला फिरवून आणलं, मगच अर्ज भरला. संस्थेच्या करारात कुत्रा सांभाळता आला नाही तर परत आणून द्यायचा, असं कलम असतंच. त्याखाली आम्ही आमचं नाव लिहून दिलं. बायको म्हणाली, "नुसतं लिहू नका, मुलांनाही सांगून ठेवा."

पहिल्याच रात्री काकांचा फोन. इंग्रजीतून कितीही सांगितलं तरी हा ऐकत नाही, काय करू? फोन मुलीने घेतला. "आजोबा, त्याला ‘बस’ म्हणा. ‘चल’ आणि ‘नको’ पण कळतं. आणि पोळी दाखवलीत, तर काहीच सांगावं लागत नाही."