प्राप्तीचा उगम आणि देण्याची ऐपत

अर्थसंकल्पाचे दिवस आले की नवी मुंबईच्या नोकरदार वसाहतींत एक तक्रार हमखास ऐकू येते : मूठभर पगारदार कर भरतात आणि बाकीचा देश फुकट जगतो, तेव्हा प्रत्येकाकडून थोडा का होईना प्राप्तिकर घ्यावा. पगार हाती पडण्याआधीच कर कापला जातो, ही बोच खरी आहे. पण फुकटेपणाचा आरोप टिकत नाही, कारण साबणाची वडी घेणारा रोजंदार मजूरही वस्तू व सेवा कर देतोच, आणि त्या वेळी त्याची मिळकत कोणी विचारत नाही. प्राप्तिकर मात्र आधी ऐपत विचारतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात शेतसाऱ्यावर टीका केली ती याच मुद्द्यावर : एकरभर जमिनीचा धनी आणि बडा जमीनदार यांना सारा एकाच दराने लागे, प्राप्तिकरात मात्र किमान मर्यादा आणि चढते दर होते. सरसकट कर मागणारे नकळत त्या साऱ्याकडेच परत निघाले आहेत.

हाच युक्तिवाद वाशीच्या फळबाजारात नेला की तो शेतीच्या करमाफीवरही उलटतो. कोकणातून आलेली हापूसची पेटी माथाडी कामगार उतरवून गाळ्यावर लावतो, अडत्या ती विकतो, आणि पट्टीची रक्कम बागायतदाराला जाते. मजुरी आणि अडत ही दोन्ही उत्पन्ने कायद्याने करपात्र; बागायतदाराची कमाई मात्र, पेट्या पन्नास असोत की पन्नास हजार, केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त. १८८६च्या कायद्याने शेतीउत्पन्न वगळले तेव्हा जमिनीवर सारा होताच. पुढे संविधानाने शेतीउत्पन्नावरचा कर राज्यांच्या अखत्यारीत ठेवला, पण १९७२मध्ये के. एन. राज समितीने मोठ्या धारणांवर चढता कर सुचवूनही चहा-कॉफीच्या मळ्यांपलीकडे राज्यांनी तो फारसा लावला नाही.

नवी मुंबईच्या ज्या भूमीत ९५ गावांच्या शेतजमिनी शहरासाठी गेल्या आणि जानेवारी १९८४मध्ये जासईच्या परिसरातील आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा गोळीबारात बळी गेला, तेथे शेतकऱ्यावरील कराचा उल्लेखही जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटणार. पण जमीन गेलेल्या याच प्रकल्पग्रस्ताने तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडावर खोल्या बांधून भाडे घेतले, तर ते करपात्र ठरते. म्हणजे जमीन गमावलेल्याची माफी संपते, आणि शेकडो कलमांच्या बागेची टिकते. ही माफी माणसाला नव्हे, उत्पन्नाच्या उगमाला आहे; म्हणून तिचे समर्थन करणे कठीण होते. पीक बुडण्याची जोखीम धरून काही वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाची सरासरी काढावी, पगारदाराला लागू असलेली करमुक्त मर्यादा शेतकऱ्यालाही द्यावी, आणि तिच्यावरच्या रकमेवर राज्याने त्याच चढत्या दराने कर घ्यावा. बहुसंख्य कोरडवाहू शेतकरी त्या मर्यादेच्या आसपासही पोचणार नाहीत.