थर आणि अधिष्ठान

प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या थरातील प्रत्येक बिंदूचे मूल्य खालच्या थराशी कोणत्या गणिताने जुळवायचे, हे ठरवणाऱ्या नियमाला ब्लेंडिंग मोड म्हणतात. अशा नियमांपैकी ‘मल्टिप्लाय’मध्ये दोन्ही मूल्यांचा गुणाकार होत असल्याने पांढरा थर काहीच बदलत नाही, पिवळा मात्र खालचा निळा गिळतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या बौद्ध लेण्यांत असेच काहीसे घडले: निजाम सरकारने बोलावलेले चित्रसंवर्धक लोरेन्झो चेक्कोनी यांनी १९२० ते १९२२ या काळात भिंतींवरील चित्रांवर चढवलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले. थरांच्या या खेळात शांकर अद्वैत वेदान्त आठवतो: त्यातील अध्यास, म्हणजे एका वस्तूवर दुसरीच्या धर्मांचा आरोप, अधिष्ठानाला, म्हणजे ज्यावर आरोप होतो त्या मूळ वस्तूला, स्पर्श करत नाही. संगणकात थर लपवताच मूळ चित्र जसेच्या तसे परतते, म्हणून तेथे ही उपपत्ती मोहक वाटते. भिंतीवर ती अडखळते, कारण रोगण काढताना रंगही निघण्याची भीती असते, आणि ते ‘मूळ’ चित्रही कातळ, मातीचा गिलावा व रंग यांच्या मेळातूनच उभे राहिलेले असते. वस्तूला स्वतंत्र स्वभाव नाकारणारे नागार्जुनाचे माध्यमिक मत येथे अधिक पटते, आणि अजिंठ्यातील महायान परंपरेच्या लेण्यांत ते शोभतेही. भिंत आणि रोगण दोन्ही व्यावहारिक सत्तेतलीच, म्हणजे परमार्थतः नव्हे तर रोजच्या व्यवहारापुरतीच खरी, असे उत्तर अद्वैत्याजवळ अर्थातच तयार असते.