कार्ड आटपाडीत, दवाखाना मिरजेत

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात कुणाच्या छातीत कळ आली की घरची माणसं आधी गाडी बघतात, मग रेशनकार्ड शोधतात. ‘मिरजेला न्या’ हा सल्ला माणदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि त्यांच्या आसपास खासगी दवाखान्यांचं गावच वसलं. आटपाडीहून मिरज नव्वद-शंभर किलोमीटरवर. आरोग्य विम्यातल्या सुधारणांचा हिशेब या रस्त्यावर मांडला पाहिजे.

राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सांगलीला ती मिळाली 2013 च्या अखेरीस, राज्यभर लागू झाली तेव्हा. पिवळ्या-केशरी कार्डावर दीड लाखापर्यंतचे 971 उपचार मिळत. 2017 मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं, 2020 मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. 2023 मध्ये निर्णय झाला आणि 1 जुलै 2024 पासून कार्डाचा रंग न बघता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचं कवच मिळालं, उपचार झाले 1,356. याचं मोल मी कमी लेखणार नाही. हृदयाच्या ऑपरेशनपायी ज्या घरानं मेंढरं विकली, रान गहाण टाकलं, त्या घराला विचारा.

पण विम्याचा पैसा सर्जनच्या मागं जातो. जिथं मोठे उपचार होतात तिथंच दावा मंजूर होतो. सरकारी रुग्णालयालाही योजनेतून दाव्याची रक्कम मिळू शकते, मात्र त्यासाठी भूलतज्ज्ञ हवा, चालू थिएटर हवं. ज्या ग्रामीण रुग्णालयात हे दोन्ही नाही, त्याच्या वाट्याला योजनेतलं फारसं काही येत नाही. ते आहे तिथंच राहतं आणि रोगी पुन्हा मिरजेचा रस्ता धरतो. सर्वांना कवच दिलं हे योग्यच झालं, रंगाच्या भांडणातून गरीब सुटला. मात्र खाटा त्याच, शहरं तीच, आणि रांग लांबली.

दवाखान्यात योजनेची नोंदणी करणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जरा थांबून बघा. रेशनकार्ड, आधार, मग अंगठा. वर्षापूर्वी लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. ती आत खाटेवर, नवरा तहसीलच्या पुरवठा शाखेकडं. तोवर अनामत भरावी लागली तर ती उसनवारीनं.

आटपाडी-खानापूरची आणखी एक गोष्ट मुंबईत बसून लक्षात येत नाही. इथली हजारो माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. ॲसिडच्या वाफेत आणि भट्टीपुढं आयुष्य काढणाऱ्या या कामगाराचं रेशनकार्ड गावाकडं असतं. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत त्याचं कुटुंब असेल, तर आयुष्मानचं कार्ड परराज्यातल्या जोडलेल्या दवाखान्यातही चालतं. यादीत नसून केवळ राज्याच्या विस्तारामुळं योजनेत आला असेल, तर कवच महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. एकाच गल्लीतल्या दोन भावांना दोन न्याय, तेही दीड दशकापूर्वीच्या यादीवरून.

आणि रोजचं दुखणं? बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, वाकून डाळिंबाच्या बागेत काम करणाऱ्या बाईची कंबर. यासाठी कुणी दाखल होत नाही, म्हणून विम्यात ते बसत नाही. बहुतेक ऑपरेशननंतरचा खर्चही महात्मा फुले योजनेत घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतच धरला जातो. त्यापुढच्या गोळ्या खिशातून. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, आणि माझ्या मते गरिबाच्या दृष्टीनं हा निर्णय पाच लाखांच्या आकड्याइतकाच मोलाचा आहे. केसपेपरला पैसे लागत नाहीत. औषध खिडकीवर गोळी शिल्लक असली पाहिजे, एवढंच.

म्हणून पुढची सुधारणा कवचाच्या रकमेत नको. योजनेचा पैसा तालुक्यात मुरवा: ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि सर्जन टिकतील असा पगार आणि राहायला घर द्या, महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रावर द्या, मिरजेच्या फेऱ्यांचं एसटीभाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी योजनेच्या खर्चात धरा. आटपाडीतल्या मजुराला कार्डापेक्षा हा खर्चच जास्त अडवतो.