किल्ली कोणी ठेवायची?

आम्हा शिक्षकांच्या निवृत्तीची तारीख रुजू होतो त्या दिवशीच ठरलेली असते. सेवापुस्तक पाहून कारकूनही ती सांगेल. स्कूटर किंवा मोटार चालवणाऱ्याला अशी तारीख नाही. त्यातून डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले, की प्रश्न वैद्यकाच्या हद्दीतून नीतीच्या हद्दीत येतो. थांबायचे केव्हा, आणि ते ठरवायचे कोणी?

निदान झाले त्याच दिवशी किल्ली काढून घ्यावी, असे सरसकट म्हणता येत नाही. आरंभीच्या अवस्थेत काहींना काही काळ नीट गाडी चालवता येते. मात्र वरचेवर फेरतपासणी हवी. परंतु रोग फसवा आहे. क्लच, गिअर, ब्रेक ही हातापायांत मुरलेली सवय उशिरापर्यंत टिकते. अंतराचा अंदाज, चहूकडचे अवधान आणि आयत्या वेळचा निर्णय मात्र आधी ढळू शकतो. शेजारी बसलेल्याला वाटते, 'अजून काय सफाईने चालवतात!' आम्हा सीमाभागातल्यांची आणखी एक अडचण आहे. मागाहून शिकलेली भाषा काहींच्या बाबतीत मातृभाषेआधी निसटते, आणि रस्त्यावरची पाटी पुष्कळदा त्याच भाषेत असते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश होतो असे सांगितले आहे. तेथे मुळाशी क्रोध आहे, म्हणून माणूस उत्तरदायी ठरतो. येथे मुळाशी रोग आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांना अपराध्यासारखे दटावणे हा अन्यायच होय.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १६ वे कलम आजारामुळे अपात्र ठरलेल्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार देते. पण घरात काय चालले आहे, हे त्या कार्यालयाला कळणार कसे? भार शेवटी घरावरच पडतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली व्यक्तिस्वातंत्र्याची मर्यादा दुसऱ्याच्या हानीपाशी आखली. शाळा सुटल्यावर सायकलवरून निघालेल्या मुलाने आपल्या आजोबांच्या हौसेला संमती दिलेली नसते. म्हणून संशय आला की गाडी थांबलीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही.

खरा पेच पुढे आहे. थांबण्याचा निर्णय ज्या बुद्धीने घ्यायचा, तीच क्षीण होत जाते. आपली चूक होते आहे हेच रुग्णाला उमगत नाही. मग घरचे किल्ली लपवतात, 'गाडी बिघडली आहे' असे खोटे सांगतात. जीव वाचवणारे हे खोटे क्षम्य आहे. पण ती वेळ बहुधा आधी न बोलल्यामुळे येते. मृत्युपत्र जसे शुद्धीत असताना करतात, तसेच हेही ठरवावे. ओळखीचा रस्ता चुकला, गाडीला वारंवार ओरखडे येऊ लागले, सिग्नल नजरेतून सुटला, तर अमक्याचा शब्द मी मानीन, असे त्यांनीच सांगून ठेवावे. मग किल्ली हिसकावली जात नाही. त्यांचाच शब्द पाळला जातो.

आणि किल्ली घेणाऱ्यावर ऋण चढते. मंडई, देऊळ, वाचनालय, जुन्या मित्राचे घर, येथे त्यांना आता कोणीतरी नेले पाहिजे. तेवढी तयारी नसेल, तर आपण त्यांना जपले असे म्हणू नये. आपण आपली काळजी तेवढी मिटवली.