मिनिटाला ६० शब्द

तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही. पाड्यावरच्या मुलाला वाचता आलंच पाहिजे, असं ठामपणे म्हणायलाच आपण फार उशीर लावला. पण मोबाइलवर वेळ लावून मुलासमोर बसलेल्या शिक्षकालाच अनोळखी उतारा मोठ्याने वाचताना धाप लागत असेल, तर? मी तसा शिक्षक आहे. मला वाचनाची अध्ययन अक्षमता आहे. शाळेत असताना मला सगळे ढ म्हणत. निदान झालं ते नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी.

निदानानंतर भेटणारे बहुतेक जण एकच विचारतात : मग तुम्ही शिकवता कसं? प्रश्नात काळजी असते, हे मला कळतं. पण सातपुड्यातल्या वर्गाला अडखळत शिकलेल्या शिक्षकाची गरज आहे, असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे.

अध्ययन अक्षमता म्हटलं की लोकांना २००७ सालचा ‘तारे जमीं पर’ आठवतो आणि इंग्रजीतल्या ‘बी’ व ‘डी’ची उलटापालट आठवते. देवनागरीचे पेच निराळे आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. ‘वर्ष’मधला र ऐकू येतो ष च्या आधी, दिसतो ष च्या डोक्यावर. घ आणि ध, म आणि भ ही अक्षरं शिरोरेषा कुठे तुटते यावरून ओळखायची. ज्याला हे पहिलीतच जमून गेलं, त्याला या पायऱ्या पुन्हा कधी दिसत नाहीत. मला त्या आजही दिसतात. फळ्यावर ‘पूर्वी’ लिहिताना मी ‘पू’पाशी थांबतो, र नुसता तोंडाने म्हणतो, ‘वी’ लिहितो आणि मग वर रफार देतो. मुलं हात पाहतात आणि ओठही पाहतात. मी थांबतो तिथेच नेमकी काही मुलं अडत असतात. थांबण्याची ही जागा मला स्वतःच्या वाचनातून कळली.

आता माझ्या जिल्ह्याकडे येऊ. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिलोरी आणि पावरी, नवापूरकडे मावची, शिवाय देहवाली, आणि सपाटीवर अहिराणी व गुजरी, अशा इथल्या बोली. भाषाभ्यासक ग्रियर्सनने भारताच्या भाषिक पाहणीत १९०७ सालीच भिल्ल बोलींना बरीच पानं दिली होती. इतक्या जुन्या नोंदीनंतरही पाड्यावरचं मूल पहिलीत येतं, तेव्हा पाठ्यपुस्तकातली मराठी त्याच्यासाठी परकीच असते. ते गप्प बसतं. वाचायला सांगितलं की अडखळतं. आणि वहीत शेरा येतो : ‘अप्रगत’.

त्या एका शेऱ्याखाली दोन वेगळ्या गोष्टी दडतात. एका मुलाला मराठी येत नसते. दुसऱ्याला कुठल्याही भाषेत अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं जड जात असतं. पहिल्याला भाषा हवी, दुसऱ्याला वेगळी पद्धत हवी. वरवर पाहता दोघं सारखीच दिसतात. पहिल्याला गतिमंद ठरवलं जातं. दुसऱ्याबद्दल ‘आदिवासी आहे, हळूहळू येईल’ म्हणून कुणी काही करत नाही, आणि ते मूल सातवी-आठवीत शाळा सोडून घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातं. या दुसऱ्या मुलाचं मला अधिक वाईट वाटतं, कारण त्याच्यासाठी कुणी भांडतही नाही.

दोघांतला फरक ओळखता येतो, पण त्यासाठी शिक्षकाने मुलाच्या बोलीत उतरावं लागतं. तिसरीतली एक मुलगी मराठीतली चार शब्दांची ओळ वाचताना घामाघूम व्हायची. उन्हाळ्यात घरी आमचूर करता, ते कसं, असं तिला पावरीत विचारलं. कैऱ्या कधी उतरवायच्या, साल किती जाड काढायची, फोडी उन्हात पसरल्यावर आभाळ आलं तर काय करायचं, पांढऱ्या आमचुराला भाव जास्त का मिळतो, हे तिने एकही पायरी न चुकता सांगितलं. म्हणजे समज शाबूत होती, क्रम शाबूत होता. मग तिच्याच बोलीतल्या शब्दांचा खेळ घेतला : शब्दातला पहिला आवाज काढून टाक, काय उरतं? वर्गातल्या इतरांना त्यात गंमत वाटली. तिला ते आपल्या भाषेतही जमेना. अडचण नुसत्या मराठीची नव्हती. यावरून निदान करायचं नसतं, ते तज्ज्ञांचं काम. पण कुणाला तज्ज्ञांकडे न्यायचं, हे वर्गातच ठरतं.

न कळण्याचा दोष नेमका कुणाचा, याबद्दलची एक मांडणी मला वेगळ्याच क्षेत्रात सापडली. डॅमियन मिल्टन हे ब्रिटनमधले समाजशास्त्राचे अभ्यासक आणि अध्यापक; ते स्वतः स्वमग्न आहेत. स्वमग्न माणसांना दुसऱ्याचं मन कळत नाही, असं मानसशास्त्र अनेक वर्षं सांगत होतं. मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी आहे : इतरांनाही स्वमग्न माणसाचं मन कळत नाही, फक्त दोष एकाच्याच नावावर लिहिला जातो. पुढे कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट पोचवून पाहिली. २०२० च्या त्या प्रयोगात स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. गळती झाली ती मिश्र साखळीत. २०२५ मध्ये जास्त माणसांवर केलेल्या प्रयोगात मिश्र साखळीतली गळतीही दिसली नाही. मिल्टन यांच्या मांडणीला यामुळे किती आधार उरतो यावर चर्चा होईल, पण स्वमग्न माणसाला मुळात सांगता-ऐकताच येत नाही, हे दोन्ही प्रयोगांत खोटं ठरलं.

मी हे वाचलं, माझ्या गतीने, मोठ्या अक्षरांत छापून घेऊन, तेव्हा मला आमचा वर्ग समोर दिसला. मुलाला गुरुजींची भाषा कळत नाही आणि गुरुजींना मुलाची कळत नाही. अप्रगत मात्र मूल.

पावरी मी मुलांकडून शिकतो. मुलं माझ्या चुका दुरुस्त करतात, आणि दुरुस्त करताना त्यांचा आवाज चढतो, जो मराठी वाचताना कधी चढत नाही. शिक्षकाला ‘हे मला अजून येत नाही’ असं वर्गात म्हणता आलं पाहिजे, यावर माझा विश्वास आहे. ते ऐकल्यावर मूल आपली अडचण लपवायचं थांबतं. कुणालाही आधी न सांगता उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं नाही, हे मी पाळतो. उत्तर पावरीत आलं तरी ते उत्तरच मानतो. घड्याळ लावून घ्यायची चाचणी मी घेतो, कारण ती घ्यावी लागते आणि तिच्यातून काही कळतंही. पण मुलाला त्याच्या वेळेचा आकडा सर्वांदेखत सांगत नाही.

मी काही नवं करतो आहे असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच गुरं चारायच्या कुरणात नेली. अनुताईंचं मला विशेष वाटतं. बालवयात वैधव्य आलेल्या या बाईंनी पदवी घेतली ती पन्नाशी गाठल्यावर, आणि तोवर त्या शिकवतही होत्याच. शिकवणं आणि शिकणं त्यांनी एकाआड एक ठेवलं नाही. इथे आमच्याच नर्मदाकाठी, अक्कलकुवा-धडगावच्या बुडितात गेलेल्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकात जीवनशाळा उभ्या केल्या. चिमलखेडी, निमगव्हाण ही त्यातली नावं. मुलांच्या बोलीतून शिकवायचं आणि शक्यतो तिथल्याच तरुणांनी शिकवायचं, हे त्यांनी करून दाखवलं. त्याच शाळांत शिकलेले काही जण पुढे तिथेच शिक्षक झाले.

कायदाही आता मागे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने २१ प्रकार मानले, त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांत या गटाचाही वाटा आहे. म्हणजे असे शिक्षक येणार, हे कायद्याने गृहीत धरलं आहे. शाळेने मात्र धरलेलं नाही. बैठकीत परिपत्रक हातात देऊन ‘वाचा मोठ्याने’ म्हणणाऱ्या एका साहेबांना मी एकदा माझी अडचण सांगितली, तर ते म्हणाले, मग शिक्षक कशाला झालात? परिपत्रक आदल्या दिवशी द्या, एवढंच मला हवं होतं. त्याला पैसा लागत नाही.

आणि मुलांसाठी हवं आहे ते याहून मोठं आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही वाचनदोष ओळखण्याची साधनं २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणली. पावरी आणि भिलोरी त्यात नाहीत. मराठीतली चाचणी पाड्यावरच्या मुलाला लावली तर ती त्याची मराठी मोजेल. पावरीतली चाचणी करायची तर आधी शब्द गोळा करावे लागतील : पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी रोज येणारे, तोरणमाळच्या बाजूला आणि नर्मदाकाठी सारखेच बोलले जाणारे. मग ते पुष्कळ मुलांकडून म्हणवून घ्यावे लागतील, म्हणजे कोणत्या वयात काय जमतं ते कळेल. हे काम दिल्लीजवळच्या संस्थेत बसून होणार नाही. त्यासाठी धडगाव आणि अक्कलकुव्यातले पावरी-भिलोरी बोलणारे शिक्षक लागतील, आणि त्यांच्याबरोबर वाचताना स्वतः अडलेला एखादा शिक्षकही असावा. शब्दांची यादी मी करायला घेतली आहे. मुलं सांगतात, मी लिहितो, आणि चुकलं की ती माझ्या हातातून खडू घेतात.