पुस्तिकाकाराची नीती : पेन आणि फुले

राजकीय पुस्तिका लिहिणाऱ्याची सत्याशी बांधिलकी कोणत्या प्रकारची असते, हा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा शैलीचा प्रश्न म्हणून हाताळला आहे. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. जोतीराव फुले यांच्या लेखनासंदर्भात तो विशेष टोकदार होतो.

थॉमस पेन याचे 'कॉमन सेन्स' जानेवारी 1776 मध्ये निनावी प्रसिद्ध झाले. राज्यसंस्थेची चर्चा पंडिती परिभाषेतून काढून त्याने ती कारागिरालाही कळेल अशा इंग्रजीत आणली. पुढे 'राइट्स ऑफ मॅन'मुळे इंग्लंडमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि 1792 मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवण्यात आले. हाच ग्रंथ फुले यांनी तरुणपणी वाचला. मात्र पेनचा कारागीर वाचू शकत होता. फुल्यांच्या शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती. 'शेतकऱ्याचा असूड' (1883) मधील मजकूर फुल्यांनी श्रोत्यांपुढे वाचून दाखवला, तो यामुळेच. त्यांच्या वाक्याची बांधणी कानासाठी आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवली, तेव्हा त्यांनी ही श्रोतृसापेक्षता विचारात घेतली नाही. हा निकष तेवढ्यावर संपत नाही. गोंदिया जिल्ह्यातील झाडीबोली बोलणाऱ्याचे म्हणणेही त्याच्या आशयापूर्वी त्याच्या उच्चारांवरून तोलले जाऊ शकते. शुद्धतेचा आग्रह धरताना कोण बोलण्यास अपात्र ठरतो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कठोरपणाचा आक्षेप केवळ विरोधकांचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू'ने 'असूडा'ची पहिली दोन प्रकरणे छापून पुढील मजकूर छापण्याचे नाकारले. परंतु शेतकऱ्यावरील कराचा बोजा, त्याचे कर्ज, कचेरीत निरक्षरतेमुळे होणारी त्याची नागवणूक यांचे वर्णन सौम्य शब्दांत केले असते, तर ते अधिक खरे झाले असते काय? अन्याय सह्य वाटावा असे त्याचे वर्णन करणे हाही असत्याचाच प्रकार होय.

याहून अवघड आक्षेप 'गुलामगिरी'संबंधी (1873) आहे. दशावतारांच्या कथा म्हणजे आर्यांच्या क्रमाने झालेल्या स्वाऱ्या, ही तेथील मांडणी इतिहास म्हणून टिकत नाही. मग तिच्यावर उभा असलेला समतेचा दावा कोसळतो काय? तो कोसळत नाही. कारण माणसाचे हक्क त्याच्या पूर्वजांच्या पराभवातून नव्हे, तर त्याच्या माणूसपणातून निघतात. हा विचार पेनचा आहे, आणि फुल्यांचाही. तरीही इतिहासाचे शस्त्र करणाऱ्याला त्या शस्त्राच्या खरेपणाची जबाबदारी टाळता येत नाही. उद्या तेच शस्त्र दुसऱ्या हाती जाते.

'गुलामगिरी'त धोंडीबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरे देतात. धोंडीबा विरोधक नाही. त्याचे प्रश्न बहुतांशी विवेचनाला वाट करून देतात. ही या संवादाची मर्यादा आहे. पण ज्याला प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता, त्या श्रोत्याला येथे प्रश्नकर्त्याची जागा मिळते. प्रश्न विचारण्याची सवय लागलेला श्रोता एक दिवस लेखकालाही प्रश्न विचारील. ज्या पुस्तिकेला ही शक्यता मान्य असते, तिचा कठोरपणा नैतिक ठरतो. जिला केवळ होकार हवा असतो, तिची सौम्य भाषाही दमनाचेच काम करते.